तेवीस नंबरचा डबा

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचतो, आणि आजपर्यंत प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यांची उत्तरं काढत आलोय. या माणसाला ताप असणार, त्या घरात उंदीर असणार, तिसऱ्याची झोप झालेली नसणार... आमच्या कळमनुरीजवळ एका विहिरीतून बाई रडल्याचा आवाज येतो म्हणून लोक वाट वाकडी करून जायचे. मी दोघांना घेऊन भर दुपारी गेलो. विहिरीवरच्या मोटारीचा पाइप हवा ओढत होता. पाइप बदलला, बाई गप्प झाली. असा माणूस मी. त्यामुळे खालचं लिहिताना मलाच अवघड जातंय, पण जसं घडलं तसं लिहितो.

कळमनुरीत बसस्टँडजवळ माझं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सातबारा, पीकविमा, परीक्षांचे अर्ज, रेल्वेची तिकिटं, पासपोर्टचे अर्ज... तालुक्यातल्या कितीतरी लोकांचे पासपोर्ट मी काढून दिले. माझा स्वतःचा मात्र नव्हता. कुठं जायचंय आपल्याला, असं म्हणायचो.

माझी थोरली बहीण सुमन, म्हणजे अक्का, सेनगाव तालुक्यात साखऱ्याला दिलीय. घरची शेती, शिक्षण सातवीपर्यंत. तिची मुलगी शीतल कझाकस्तानात डॉक्टरकी शिकते. शहराचं नाव सांगत नाही, कारण ती अजून तिथंच आहे. देशाच्या उत्तरेला आहे एवढं पुरे. तिचा फॉर्म मीच भरला होता. दाजी तयार नव्हते. “इतक्या लांब पोरगी कोण धाडतं?” असं ते म्हणाले होते. मीच त्यांच्या मागं लागून लागून हो म्हणायला लावलं.

मागच्या फेब्रुवारीत एक दिवस सकाळी शीतलच्या मैत्रिणीचा फोन आला. शीतलचं अपेंडिक्स फुटलं होतं. एक ऑपरेशन झालं होतं, पण पोटात पू पसरला होता आणि दुसरं करावं लागणार होतं. शीतल फोनवर एवढंच बोलली – “मामा, आईला पाठव ना...”

हळद काढणीचे दिवस होते. दाजी खुब्याचं हाड मोडून खाटेवर. माझ्याकडे पासपोर्ट नाही. दाजींचा आणि अक्काचा मात्र आदल्या वर्षी काढून ठेवला होता, शीतलच्या हट्टानं. म्हणजे जायचं तर एकट्या अक्कानं. तिनं तोवर रेल्वेत पाय ठेवला होता तो हिंगोली ते अकोला, एका लग्नाला.

दाजी माझ्याकडे न बघता म्हणाले, “तुमीच धाडली पोरगी. आता तुमीच काय ते बघा.”

अक्का हळदीचे हात पदराला पुसत म्हणाली, “गजू, कसं जायचं तेवढं लिहून दे मला. मोठ्या अक्षरात.”

मग मी कामाला लागलो. मुंबईहून कझाकस्तानातल्या अल्माटीला सरळ विमान होतं, आणि तिथं शिकणारी नांदेडची एक मुलगी सुट्टी संपवून त्याच विमानानं परत चालली होती. तिथपर्यंतची सोबत झाली. तिथून शीतलच्या शहराला जाणाऱ्या विमानात चार दिवस जागा नव्हती. राहिली रेल्वे – एक संध्याकाळ, एक रात्र आणि दुसरा अख्खा दिवस. ऑपरेशन त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी होतं.

इथं जरा थांबून कामाचं सांगतो, कारण कुणाची लेकरं तिकडं शिकत असतील तर उपयोगी पडेल. आपल्या लोकांना तिथं चौदा दिवसांपर्यंत व्हिसा लागला नाही, पण निघायच्या आधी नियम पुन्हा बघा. तिकिटावर पासपोर्टचा नंबर असतो आणि त्यातला एक आकडा चुकला तरी गाडीत घेत नाहीत. मी तो पाच वेळा तपासला. विषम नंबर म्हणजे खालचा बर्थ. प्रत्येक डब्याला गणवेशातली एक बाई असते. तीच दारात पासपोर्ट बघते, चादरी देते आणि तुमचं स्टेशन आलं की सांगते – तिच्याशी पहिल्याच मिनिटाला ओळख करायची. गरम पाणी डब्यातच मिळतं, फुकट. आपला कप न्यायचा. स्टेशन जवळ आलं की बऱ्याच डब्यांत संडासाला कुलूप लागतं, ते ध्यानात ठेवायचं. आत गरम होतं, बाहेर बर्फ, म्हणून कपडे एकावर एक घालायचे, आणि डब्यात घालायला साधी चप्पल. घड्याळ आपल्यापेक्षा अर्धा तास मागं. पासपोर्ट पोटाशी पिशवीत बांधायचा, झोपतानासुद्धा काढायचा नाही.

एका जाड कागदावर एका बाजूला मराठीत आणि दुसऱ्या बाजूला रशियनमध्ये मी वाक्यं छापली. “माझा डबा कुठे आहे?” “मला या स्टेशनला उतरवा.” “माझी मुलगी दवाखान्यात आहे.” त्याच्यावर प्लास्टिक चढवलं. चार प्रती केल्या. अक्कानं त्या सगळ्या बोट ठेवून दोनदा वाचल्या.

सगळं बघितलं मी. एक गोष्ट सोडून.

तिकिटावर डबा नंबर तेवीस होता. गाडीला डबे होते चौदा-पंधरा. मला वाटलं, असेल त्यांची नंबर घालायची पद्धत.

नांदेडच्या मुलीनं अक्काला गाडीत बसवून दिलं आणि मला मेसेज केला – “काकूंचा डबा सगळ्यात शेवटी आहे. काकू एकदम ओके.” मी दोन रात्री झोपलेलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या सुमारास नेटवर अक्काचा व्हिडिओ कॉल आला. पाठीमागं खिडकीत नुसतं पांढरं रान.

“गजू, डब्यात बंब हाय रे! आपल्या घरच्यासारखा. म्या च्या करून पेली. अन् ती ड्रेसवाली बाई लई चांगली हाय. माझी पिवळी नखं बघून हासली. म्या म्हणलं हळद, हळद. तिला काय कळालं का न्हाई देव जाणे.”

“अक्का, मधे कुठंच उतरू नको.”

“न्हाई उतरत. आता नेट जाईल म्हणतेत. समदं रानच हाय पुढं.”

आणि फोन कटला. त्यानंतर ती दिवसभर लागेना.

बाराच्या सुमारास आमच्याकडं लाईट गेली. दुकानाच्या इन्व्हर्टरची बॅटरी महिन्यापासून बिघडलेली. माझा मोबाईल चार्जिंगला लावला होता. तो जेमतेम दोन टक्क्यांवर होता आणि काही मिनिटांत बंद पडला. दुकानात मारोतीबापू बसले होते. आमच्याच भागातले मेंढपाळ, सत्तरीचे. मेंढ्यांच्या अनुदानाचा फॉर्म भरायला आले होते आणि लाईटची वाट बघत बाकावर टेकले होते. मी काउंटरवर हात ठेवून त्यावर डोकं टेकवलं. दोन मिनिटं, असं मनाशी म्हटलं.

जाग आली तेव्हा लाईट आलेली नव्हती. बापू माझ्याकडे टक लावून बघत होते.

“किती वाजले, बापू?”

“दोनची नांदेड गाडी गेली, त्याला बराच येळ झाला.” जरा थांबून म्हणाले, “गजाननभाऊ, तुमी झोपेत लई बोलून राहिले व्हते.”

“काय बोललो?”

“अक्का, ऊठ म्हणले. खाली उतर, मागं जा म्हणले. रूळ वलांडू नको. पांढऱ्या टाकीच्या अंगानं जा. मंग म्हणले, त्या बाईला हात कर, हात कर तिला. मधी मधी थांबत व्हते, जसं समोरून कोणी उत्तर देऊन राहिलं. म्या उठवणार व्हतो. पर मंग तुमी हासले. म्हणलं, चांगलं सपन असंल, झोपू द्या.”

मला त्यातलं काहीही आठवत नव्हतं. स्वप्न पडल्याचंसुद्धा आठवत नव्हतं. दोन दिवस डोक्यात रेल्वेच होती, म्हणून बडबडलो असेन, असं बापूंना सांगितलं. तीनच्या पुढे लाईट आली, मी त्यांचा फॉर्म भरून दिला आणि ते गेले. मोबाईल सुरू केला. अक्काचा काही मेसेज नव्हता.

गाडी आपल्या घड्याळानं साडेसहाला पोचायची होती. साडेसहा झाले. पावणेसात. सात. बायको चहा ठेवून गेली, तो तसाच गार झाला. मी मनात दाजींना कसं तोंड दाखवायचं याची वाक्यं जुळवत होतो... सात वाजून गेल्यावर शीतलच्या नंबरवरून फोन आला. अक्का होती. दवाखान्यातून बोलत होती.

पहिलंच वाक्य – “गजू, तू टायमावर फोन केलास म्हणून, न्हाईतर आज काई खरं नव्हतं बघ!”

मी म्हटलं, “कधी?”

“कधी म्हणजे? दुपारी! त्या मोठ्या स्टेशनात.”

मी म्हटलं, “अक्का, काय झालं ते पहिल्यापासून सांग.”

तिनं सांगितलं ते असं. दुपारी एका स्टेशनावर गाडी वीस मिनिटं थांबली. पाय आखडले होते. समोरच्या बर्थवरच्या म्हाताऱ्या बाईनं खूण करून सांगितलं की खाली ताजी रोटी मिळते. माझं न ऐकता अक्का उतरली. रोटीवाली होती पार इंजिनाकडे. घेऊन वळते तोवर गाडी सुटायची गडबड सुरू झाली, म्हणून ती जवळच्या डब्यात चढली. आतून चालत मागं जाऊ, असा विचार. पण मधलं एक दार बंद होतं. त्या डब्यातल्या गणवेशवाल्या बाईनं पुढच्या स्टेशनाची खूण केली आणि तिला बसायला जागा दिली. अक्का बसली. पासपोर्ट आणि मोबाईल पोटाशी होते, पण तिकीट, पिशवी, थंडीचा मोठा कोट आणि मी केलेले सगळे कागद तेवीस नंबरमध्ये. दोन रात्रींचं जागरण, वर डब्यातली ऊब. बसल्या बसल्या तिचा डोळा लागला.

पुढचं स्टेशन म्हणजे मोठं जंक्शन. आणि तेवीस नंबरचा डबा गाडीच्या नंबरात का बसत नव्हता, ते तिथं कळतं. तो डबा आणि सोबतचे दोन तिथं गाडीपासून तोडतात आणि उत्तरेकडे जाणाऱ्या दुसऱ्या गाडीला जोडतात. मूळ गाडी भलत्याच दिशेला निघून जाते, सीमेकडं. अक्का त्या मूळ गाडीत झोपलेली होती.

“अन् फोन वाजला,” अक्का म्हणाली. “तू म्हणलास, अक्का ऊठ, खाली उतर. म्या म्हणलं काहून? तू म्हणलास, तुझा डबा तुटून राहिलाय, मागं जा. म्या उतरले. मागं गेले तर डबाच न्हाई! नुसते रूळ. माझं तर काळीजच बसलं. म्या रूळ वलांडाया लागले तर तू वरडलास, रूळ वलांडू नको. टाकीच्या अंगानं जा.”

“कसली टाकी, अक्का?”

“पाण्याची असंल. उंच, पांढरी. तिच्या अंगानं पायवाट व्हती. तिकडून वळले तर लांब तीन डबे उभे, अन् ती आपली ड्रेसवाली बाई दारात. दुसरीकडंच बघत व्हती. तू म्हणलास हात कर तिला. म्या शाल काढून हालवली. ती पळत आली रे माझ्याकडं, बर्फातून! लई बोलली मला. रागावून बोलली का मायेनं, काय माहीत. हाताला धरून वर घेतलं.”

“आणि मी?”

“तू हासलास. अन् फोन कटला.”

मी शीतलचं विचारलं. ऑपरेशन सकाळी आठला होतं. शीतलनं आईचा हात धरून ठेवला होता आणि ती झोपली होती.

शीतलचं ऑपरेशन नीट झालं. चौथ्या दिवशी ती उठून बसली. मग मी तिला सांगून अक्काच्या मोबाईलमधली कॉलची यादी बघायला लावली. त्या दिवशी सकाळी नऊनंतर संध्याकाळपर्यंत एकही कॉल नव्हता. ना आलेला, ना गेलेला. माझ्या मोबाईलमध्ये तर नसणारच, तो बंदच होता. शिवाय माझ्या सिमवरून परदेशात साधा कॉल लागतच नाही, आम्ही सगळं नेटवर बोलायचो आणि नेट तिथं नव्हतं. वेळेचा हिशोब लावला. गाडी त्या जंक्शनला तिथल्या घड्याळानं दीडनंतर उभी होती. म्हणजे आपले दोन वाजून गेलेले. बापूंची नांदेड गाडी तेव्हाच गेली होती.

दुसऱ्या दिवशी मी मोटारसायकल काढून बापूंना शोधत गेलो. गावाबाहेर एका माळावर मेंढ्या बसवल्या होत्या. मी त्यांना अक्काचं काहीच न सांगता पुन्हा विचारलं, मी झोपेत काय बोललो होतो. त्यांनी तेच सांगितलं, त्याच क्रमानं. ऊठ, उतर, मागं जा, रूळ, टाकी, हात, हसणं.

मग मी त्यांना सगळं सांगितलं.

“पोरीचं बरं झालं का?” त्यांनी विचारलं.

“झालं, बापू.”

“मंग झालं की.”

त्यांच्या लेखी विषय तिथं संपला. माझ्या लेखी नाही. मी उत्तरं काढून बघितली, सवयच आहे. अक्काला झोपेतच भास झाला असेल आणि ती स्वतःच जागी झाली असेल. मान्य. तेवीस नंबर कुठंतरी माझ्या डोक्यात खटकला असेल आणि झोपेत ते बाहेर आलं असेल. तेही मान्य. पण ती टाकी? मी ते जंक्शन नकाशातसुद्धा बघितलेलं नव्हतं. नंतर बघितलं. टाकी आहे. आणि मधे मधे मी थांबत होतो, ते कुणाच्या उत्तरासाठी?

मला भीती वाटली का? पहिल्या रात्री वाटली, खोटं बोलत नाही. आपल्या तोंडून आपल्याला न कळता कुणी बोललं असेल तर, असा विचार आला. पण पुढं ती भीती टिकली नाही. जे झालं त्यात वाईट एवढंसंही नव्हतं. एक बाई तिच्या लेकराजवळ वेळेत पोचली.

अक्का चौदा दिवसांच्या आत परतली, त्याच गाडीनं, एकटी. या वेळी जंक्शनला डबे तोडताना ती खिडकीतून बघत बसली होती म्हणे. दाजी काठी टेकत अंगणात आले, तिच्या हातातली पिशवी घेतली आणि मला म्हणाले, “गजाननराव, जेवल्याबिगर जाऊ नका.” शीतल तिकडं गेल्यापासून त्यांनी मला एकदाही जेवायला थांबवलं नव्हतं.

आता आमच्या भागातल्या ज्यांची पोरं-पोरी तिकडं शिकतात ते अक्काकडं येतात. ओसरीवर बसून ती सांगते, कप न्या, चप्पल न्या, ड्रेसवालीशी ओळख करा, गाडीतून उतरायचंच असलं तर आपल्या डब्याच्या दारापासून दूर जाऊ नका. आणि डब्याचा नंबर गाडीच्या नंबरात बसत नसला तर पहिले विचारा. हे शेवटचं मीही माझ्या कागदावर ठळक अक्षरात घातलंय.

फोनचं विचारलं तर अक्काला त्यात नवल काहीच वाटत नाही. ती म्हणते, “तू व्हतास म्हणजे व्हतास. आता यादीत न्हाई तर न्हाई.” तिला मी चार वेळा सांगितलं की मी झोपलेलो होतो. ती ऐकून घेते, चहा पुढं करते.

मी माझा पासपोर्ट काढला. येत्या जूनमध्ये शीतलची पदवी आहे आणि अक्कासोबत मी चाललोय. दाजी अजून हो-नाही करताहेत. तिकिटं काढून झाली, डबा पुन्हा तेवीसच मिळाला, सतरा आणि एकोणीस नंबरचे बर्थ. परवा मी अक्काला म्हटलं, त्या जंक्शनला गाडी बराच वेळ थांबते, उतरून टाकीपर्यंत जाऊन बघावं म्हणतो. काय सापडेल माहीत नाही. बहुतेक काहीच नाही. मला आजही यातलं काही उलगडलेलं नाही आणि तिथं जाऊन उलगडेल असंही वाटत नाही. तरी बघावंसं वाटतं.

अक्का हळद निवडत होती. वर न बघताच म्हणाली, “जा की. पर वेळेत ये बाबा. मला झोपेत बोलायची सवय न्हाई.”